मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा

दोष कबूल करायला मास्तर सगळ्यांत आधी चर्चच्या खजिनदारांच्या बायकोकडे गेले, कारण बाईंचं कापड त्यांनी सगळ्यांत कमी मारलं होतं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. चर्चच्या मागच्या गल्लीत चाळीस वर्षं शिवणयंत्र चालवणारे, गळ्यात टेप आणि ओठांत टाचण्या धरून बोलणारे. निम्म्या मंडळीच्या अंगावर त्यांनी शिवलेले कपडे असत. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात कुणाशी वर तोंड करून वाद घातला नाही, त्याच्यामुळे आठ दिवसांत एवढा गोंधळ माजेल असं कुणालाच वाटलं नसतं.

चूक खरं तर पाळकसाहेबांची होती. चर्चचं छप्पर गळत होतं आणि छपराच्या निधीची पेटी हलवली तर नुसती चिल्लर वाजत होती. म्हणून आदल्या दिवशी त्यांनी उपदेशाला बायबलमधल्या लेवीय पुस्तकातलं दोषार्पण, म्हणजे पापाची भरपाई, हा भाग घेतला. पापाची नीट जाणीव करून दिली की माणसाचा हात आपोआप खिशाकडे जातो, हा त्यांचा वीस वर्षांचा अनुभव. पण बोलण्याच्या भरात ते एक ओळ जास्त वाचून गेले. ज्यानं शेजाऱ्याला फसवलं असेल त्यानं मुद्दल परत करावं, वर पाचवा हिस्सा घालावा, ते ज्याचं त्याच्या हातात द्यावं, आणि मग आपलं अर्पण घेऊन देवापुढे यावं, अशा अर्थाची ती ओळ. पाळकसाहेबांनी ती वाचून पान उलटलं. मास्तर मात्र तिथंच अडकले.

गेल्या हिवाळ्यात बायको वारल्यापासून घरी त्यांच्याशी बोलणारं कुणी नव्हतं. रविवारी कानावर जे शब्द पडत तेच आठवडाभर पुरवावे लागत. त्या रविवारी त्यांना हे शब्द मिळाले.

"आत या ना, मास्तर. ह्यांचा कोट झाला वाटतं?" खजिनदारीणबाईंनी दार उघडलं.

"कोट नाही, वहिनी. हे घ्या." मास्तरांनी पाकीट पुढे केलं. "सहा वर्षांपूर्वी तुमचा निळा ड्रेस शिवला होता, त्यातलं अर्धा मीटर कापड मी ठेवून घेतलं. त्याचे पैसे आहेत. वर पाचवा हिस्सा."

बाईंचे डोळे भरून आले. "अहो, एवढ्याशा गोष्टीसाठी? किती सरळ माणूस हो तुम्ही! बसा, चहा टाकते."

त्या आत गेल्या. कपबशी वाजली, चमचा वाजला आणि मग वाजायचा थांबला. बाई चमचा हातात घेऊनच बाहेर आल्या.

"निळा म्हणजे… कमरेत घट्ट झाला होता तो?"

"हो."

"आणि तुम्ही म्हणाला होतात, वहिनी, माप तेच आहे, तुमचं अंग भरलंय."

"म्हणालो होतो."

"मी साखर सोडली हो, मास्तर! सहा वर्षं बिनसाखरेचा चहा पितेय! ह्यांनी मला पाहुण्यांसमोर काय काय नावं ठेवली! आणि तुम्ही मला अर्ध्या मीटरचे पैसे देताय? माझ्या सहा वर्षांच्या चहाचं काय?"

लेवीय पुस्तकात चहाबद्दल काही सांगितलेलं नव्हतं. मास्तर मान खाली घालून उठले. बाईंनी पाकीट ठेवून घेतलं आणि फोन उचलला.

दुपारपर्यंत दुकानात उभं राहायला जागा उरली नाही. मास्तरांनी मापाच्या जुन्या वह्या काढून रविवारी रात्रीच यादी केली होती. दुकान टाकल्यापासूनची एकेचाळीस नावं, प्रत्येकापुढे कापड किती ते. यादी प्रामाणिक होती आणि तिथंच पंचाईत झाली, कारण यादीत नसलेल्यांचा तिच्यावर विश्वासच बसेना. गावात ज्यांची ज्यांची पोटं सुटली होती त्या सगळ्यांना त्या दिवशी कळलं, की दोष पोटाचा नव्हता, मास्तरांचा होता.

"माझ्या गणवेशातलं किती?" नर्सबाईंनी विचारलं.

"सिस्टर, तुमचं कधीच घेतलं नाही. हॉस्पिटल कापड मोजून देतं. त्यात उरतच नव्हतं."

"म्हणजे उरलं असतं तर घेतलं असतंत?"

मास्तरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "हो. घेतलं असतं."

"मग मनात तर आणलंत ना? मनातलं पाप तेही पापच. टाका अर्ध्या मीटरचे."

मास्तरांनी टाकले. वर पाचवा हिस्साही घातला.

मग बेकरीवाले पुढे सरकले. "मास्तर, हा पाचवा हिस्सा कुठल्या हिशोबानं?"

"लेवीयाच्या."

"तो जुना करार झाला. आपण नव्या करारातली माणसं. जक्कयानं फसवलेल्या लोकांना काय दिलं होतं? चौपट! एवढासा बुटका माणूस, झाडावर चढून बसलेला, पण देताना हात आखडला नाही त्यानं."

ज्यांनी सकाळी पाचव्या हिश्शावर समाधानानं घर गाठलं होतं ते संध्याकाळी जक्कयाच्या दरानं उरलेले मागायला परत आले. ज्यांनी वर्षानुवर्षं बायबल उघडलं नव्हतं त्यांनी तो अध्याय काढून त्यात खूण घालून आणली होती. बुधवारी मास्तरांनी काजाचं यंत्र विकलं. गुरुवारी सकाळी इस्त्रीचं टेबल गेलं. नवीन काम येणं तर बंदच झालं होतं. समोरच्या गल्लीतल्या टेलरकडे रांग लागली. तो मास्तरांच्या दुप्पट कापड मारतो हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"घेत असेल हो," बेकरीवाल्यांची बायको म्हणाली, "पण निदान घरी येऊन सांगत तरी नाही."

गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या कमिटीनं मास्तरांना बोलावलं. कमिटी म्हणजे नेमून दिलेली पाच माणसं. पण त्या दिवशी तक्रारवाल्या बायकाही मागच्या बाकांवर येऊन बसल्या होत्या. पाळकसाहेब वैतागलेले होते. चार दिवस लोक मास्तरांकडून वसुली करत होते आणि छपराच्या पेटीत एक नोट पडली नव्हती.

"अहो, देवापुढे कबूल करायचं होतं!" ते मास्तरांना म्हणाले. "खोलीत गुडघे टेकायचे, दोन शब्द बोलायचे, पेटीत काहीतरी टाकायचं. दारोदार काय हिंडत सुटलात?"

"तुम्हीच वाचलंत, साहेब. आधी ज्याचं त्याला द्या म्हणून."

"वाचलं! वाचलं म्हणजे लगेच करायचं असं थोडंच असतं?" हे जरा मोठ्यानं बोललं गेलं हे लक्षात येऊन पाळकसाहेब खोकले.

खजिनदार यादी पाहत होते. घरात सोमवारपासून त्यांना साखरेवरून रोज ऐकून घ्यावं लागत होतं, त्यामुळे त्यांचा आवाज मुळातच कडक निघाला. "मास्तर, एकेचाळीस जणांचं कापड. कमीत कमी तीस मीटर. एवढं केलंत काय त्याचं? विकलंत?"

"नाही."

"मग गेलं कुठं?"

मास्तरांनी समोर बोट केलं. मग म्हणाले, "वेदीवर आहे."

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. वेदीवरचं वस्त्र मास्तरांच्या बायकोनं शिवून दिलेलं होतं. शेकडो लहान तुकडे जोडून केलेला द्राक्षवेल, निळ्याजांभळ्या घडांचा, हिरव्या पानांचा, आणि मधोमध सोनेरी क्रूस. तिनं त्यावर तीन वर्षं घालवली होती. मोठे बिशप आले तेव्हा त्यांनी त्याचा फोटो काढून नेला होता. तुकडे कापडाच्या कारखान्यातून स्वस्तात आणतो, असं मास्तरांनी तिला सांगितलं होतं, आणि ती मरेपर्यंत तसंच समजत होती.

"तरीच!" मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं. "दर रविवारी मला वाटायचं, हा हिरवा रंग कुठंतरी पाहिलाय!"

"ते मधलं जांभळं पान माझं आहे."

"पान नाही ते, द्राक्ष आहे. आणि माझं आहे."

पाळकसाहेबांनी हात वर केला. चोरीच्या मालावर प्रभुभोजन मांडणं आता शक्य नव्हतं, हे सगळ्यांनाच पटलं. वस्त्र उसवायचं आणि ज्याचा तुकडा त्याला द्यायचा असं ठरलं. तेवढ्यात खजिनदारांनी बायबलच्या गणना नावाच्या पुस्तकातला एक भाग शोधून काढला. फसवला गेलेला माणूस मेला असेल आणि भरपाई घ्यायला त्याचा जवळचा कुणी नसेल, तर ती याजकाकडे, म्हणजे धर्मगुरूकडे, जाते. यादीतले अकरा जण मेले होते आणि त्यातल्या नऊ जणांचं मागे कुणी नव्हतं.

"नऊ जणांचं, जक्कयाच्या दरानं," खजिनदार पुटपुटले. "साहेब, छपराची एक बाजू निघते यात."

"देव कसा मार्ग काढतो पाहा," पाळकसाहेब म्हणाले. आठवड्यात पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर तजेला आला.

मास्तर उठून उभे राहिले. "साहेब, पैसे मी देतो. चौपट देतो, यंत्र विकून देतो. पण ते वस्त्र तेवढं राहू द्या. त्यात तिची काही चूक नव्हती."

"अहो, पैसे तर द्यायचेच आहेत," पाळकसाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "पण वस्त्राचं वेगळं आहे. तुम्हीच एवढ्या पवित्र मनानं सुरू केलंत, आता अर्ध्यावर कसं सोडायचं?"

उसवायचं काम अर्थात मास्तरांकडेच आलं. त्यासाठी बाहेरचा माणूस आणला तर त्याला पैसे द्यावे लागले असते.

शनिवारी दुपारी चर्चमधल्या लांब टेबलावर वस्त्र पसरलं. मास्तर ब्लेड घेऊन बसले. भोवती बायका पिशव्या घेऊन उभ्या होत्या, आणि खजिनदार यादी व पेन घेऊन. टाके इतके बारीक आणि घट्ट होते, की ब्लेडचं टोक आत जाईना. चाळीस वर्षं हा धंदा करूनही असा टाका आपल्याला कधी जमला नाही, हे मास्तरांना त्या दिवशी कळलं. शेवटच्या वर्षी तिला डाव्या डोळ्यानं नीट दिसत नव्हतं. त्या वर्षीचे टाके थोडे तिरके होते. मास्तर ते हलक्या हातानं कापत होते.

"जरा भराभर उरका हो, मास्तर," नर्सबाई म्हणाल्या. "माझी ड्युटी आहे."

"सिस्टर, तुमचं यात काही नाही."

"नसेना. उरलेलं कुणी नेलं नाही तर बघू."

एकेक पान सुटलं, एकेक घड सुटला. बोटभर लांबीचे तुकडे पिशव्यांत गेले. खजिनदारीणबाईंना त्यांचा निळा मिळाला. तीन द्राक्षं आणि देठाजवळचा एक कोपरा; बाकीचं कापताना कातरणीतच गेलं होतं. त्यांनी तो उजेडात धरून पाहिला आणि त्याचं काय करायचं हे न सुचून पुसणं म्हणून पर्समध्ये कोंबला. जांभळ्या पानावरून दोघींची जुंपली तेव्हा मास्तरांनी ते मधोमध कापून दिलं. दोघीही नाराज झाल्या.

शेवटी क्रूस उरला. सोनेरी कापड बेकरीवाल्यांच्या पडद्याचं होतं. मास्तरांनी चारी बाजू उसवून ते उचललं आणि त्यांचा हात थांबला. क्रूस उठावदार दिसावा म्हणून खाली पांढऱ्या कापडाची घडी घातलेली होती. मऊ, जुनं, किंचित पिवळं पडलेलं कापड. त्याच्या एका कडेला पाच काजं होती, पाचही वाकडी.

ती काजं मास्तरांनी ओळखली. तेव्हा ते एका मोठ्या दुकानात शिकाऊ होते, आणि लग्नाला पैसे नव्हते. एका बड्या घरच्या मुलीच्या लग्नाच्या झग्याचं कापड दुकानात आलं होतं. त्यातलं दीड मीटर त्यांनी शर्टाखाली गुंडाळून नेलं आणि आपल्या नवरीच्या झग्याच्या बाह्या शिवल्या. ती त्यांची पहिली चोरी, आणि ती आयुष्यातली पहिली काजं. नवरीनं लग्नाच्या दिवशी बाहीवरून हात फिरवून विचारलं होतं, इतकं भारी कापड कसं परवडलं. यादी त्यांनी स्वतःच्या दुकानापासून सुरू केली होती. त्या बाह्या कुठल्याच वहीत नव्हत्या. त्या झग्याला तिनं कधी कात्री लावली, तेही त्यांना ठाऊक नव्हतं. आपल्याजवळचं सगळ्यांत चांगलं तिनं कुणाला दिसणार नाही अशा जागी देवाला देऊन टाकलं होतं.

त्या बड्या घरची मुलगी म्हणजे खजिनदारांची थोरली बहीण.

"हे कुणाचं?" खजिनदारांनी पेननं घडीकडे बोट दाखवलं. सगळे जवळ सरकले. नर्सबाईंनी पिशवीचं तोंड उघडलं.

मास्तरांनी घडीवर तळवा ठेवला.

"मास्तर, आता एवढ्यासाठी लपवू नका. हे कुणाकडून मारलंत?"

"हे?" मास्तरांनी घडी उचलली आणि गुडघ्यावर ठेवली. मग मान वर करून त्यांनी खजिनदारांच्या डोळ्यांत पाहिलं. "हे माझं आहे. माझ्या लग्नात रोख पैसे देऊन घेतलेलं."

खजिनदारांनी भुवया उंचावल्या. पण पाळकसाहेबांनी त्यांच्या दंडावर हात ठेवला. "अहो, जाऊ द्या. आठवडाभर हा माणूस आपण होऊन कबुली देत फिरतोय. तो आता कशाला खोटं बोलेल?"

"तेही खरंच," खजिनदार म्हणाले, आणि त्यांनी यादीखाली रेघ ओढली.

बायका पिशव्या आवळून पांगल्या. उघड्या वेदीवर पाळकसाहेबांनी दुकानातून आणलेलं तयार प्लास्टिकचं कापड अंथरलं. ते एका बाजूनं चार बोटं कमी पडलं. मास्तरांनी घडी कोटाच्या आतल्या खिशात घातली, जमिनीवरचे धागे झाडून गोळा केले आणि टोपली दाराशी नेऊन ठेवली.

पाळकसाहेब त्यांना सोडायला पायरीपर्यंत आले. "सुटलात एकदाचे," ते मायेनं म्हणाले. "आता कसं, मन हलकं झालं की नाही?"

मास्तरांनी खिशावर हात ठेवला.

"झालं, साहेब," ते म्हणाले. "आत्ताच झालं."