सावंतकाकांची दोरी

बॉस ओरडला, जावयाने फोन उचलला नाही, दूध नासलं. यातलं काहीही सावंतकाकांना सांगू नका. ते लगेच म्हणतील, "तुझा केमिकल डाऊन झालाहा. दोरी घे!"

मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये काका बरोब्बर माझ्या डोक्यावर राहतात. सत्तरी उलटलेली, अंगात बनियन आणि गळ्यात मफलरसारखी उड्या मारायची दोरी. रोज सकाळी कंपाउंडमध्ये ते असे उडतात की दोरी दिसतच नाही, नुसतं सूं सूं ऐकू येतं. "घाम फुटापर्यंत उडायचा रे! मगे मेंदू आपणच खुशीचा केमिकल सोडता."

एकदा पार्किंगवरून सेक्रेटरी आणि पाटील हमरीतुमरीवर आले. काकांनी मध्ये पडून फर्मावलं, "आधी उडा, मगे भांडा." दोघंही इरेला पेटलेले, उडाले. मग भांडायला दमच उरला नाही. पायरीवर बसून एकाच बाटलीतलं पाणी प्यायले आणि चक्क हसायला लागले. मी मात्र काकांना टाळायचो. माझं केमिकल चहाने वर येतं.

अलीकडे संध्याकाळी डोक्यावर धपधप सुरू झाली. दोन उड्या, धप्प. पुन्हा दोन, धप्प. आठवडाभर सोसलं आणि एके दिवशी तणतणत वर गेलो.

दार उघडंच होतं. आत काकू पलंगावर पडून होत्या. जन्मभर शाळेत व्यायाम शिकवलेल्या या बाईंनी निवृत्त झाल्यावर अंथरूण धरलं होतं. डॉक्टर उदासीचा आजार म्हणाले. गोळ्या चालू होत्या, पण काकू कुणाशी बोलत नसत. आणि पलंगासमोर काका, आमचे काका, दोरीत पाय अडकवून धडपडत होते.

मला बघून ते दाराशी आले आणि कुजबुजले, "खाली आवाज येता काय रे? जरा सोस. अख्खी बिल्डिंग उडवली, पण हिच्या वाटची उडी माका मारूक येना नाय. ही शाळेतली बाई. चुकलेला हिका बघवना नाय. म्हणान मुद्दाम चुकतंय."

परत जाऊन ते पुन्हा अडखळले. "गो, जमना नाय माका."

पलंगावरून बारीक, पण करडा आवाज आला. "टाच टेकवू नका."

"म्हणजे कशी?"

काकू हळूहळू उठून बसल्या. हात पुढे केला. "आणा इकडे."

काकांनी पायातली दोरी सोडवून त्यांच्या हातात दिली.  मी तक्रार गिळून खाली आलो, चहा टाकला आणि तो गार होईपर्यंत वर बघत बसलो.

बऱ्याच वेळाने एक उडी ऐकू आली. हलकी, टाच न टेकलेली.