दत्तोबानं पाणी वळवलं

हिमनदीबद्दल मला कुणी शिकवू नये! इंदापुरात, कॉलेजात, एकोणीस वर्षं मी भूगोल शिकवतोय. फळ्यावर इतक्या हिमनद्या काढल्या, की खडूच्या भुकटीनं पहिल्या बाकाला हिमयुग आलं. फक्त खरी पाहिली नव्हती. म्हणून यंदा, ९४च्या मे महिन्यात गोमुखाला निघालो. "फोटो आणून वर्गात लावतो," असं प्राचार्यांना छातीठोक सांगून!

सोबत आमची शालन आणि तिचा निमगाव केतकीचा भाऊ दत्तोबा. त्याला नेऊ नये म्हणून आठ दिवस भांडलो. हरलो.

गोमुखाअलीकडच्या मुक्कामाला, भोजबासाला दुपारी तंबूत पोचलो. कॅमेरा तंबूच्या खांबाला अडकवला, बूट काढून आडवा झालो. पहाटे उठून थेट हिमनदी!

तासाभरात पाठीला गार लागलं. बघतो तर तंबूत घोटाभर पाणी, आणि माझे नवे बूट होडीसारखे दाराकडे निघालेले!

बाहेर दत्तोबा विजार खोचून दगडमातीचा बांध घालत होता. शेजारचा बर्फाच्या पाण्याचा ओढा त्यानं सरळ आमच्यावर सोडला होता!

"हे काय चालवलंय?" मी किंचाळलो.

"दाजी, किती पाणी वाया चाललंय! आमी पाटाच्या पाळीला महिना-महिना वाट बघतो, आन् हितं मालकच न्हाय! हात गप बसंनात."

"अरे, पण भिजवायचंय काय? ऊस लावलाय इथं?"

"न्हाय ना. म्हणलं, उतार कुठवर जातोय बघू."

"माझ्या अंथरुणापर्यंत जातोय, गाढवा!"

"अहो, ओरडू नका, इथं दम लागतो," शालन म्हणाली. "आणि बांध तरी बघा! थेंब गळत नाही."

पहाटे बूट गोठून पाटा-वरवंटा झाले होते. दत्तोबाच्या टायरच्या वहाणा मात्र कोरड्या. पाण्यात उतरताना त्या उंचावर ठेवायची सवय! माझाच कॅमेरा गळ्यात अडकवून बहीण-भाऊ हिमनदीला गेले. मी दिवसभर स्टोव्हवर बूट शेकत, सासुरवाडीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत बसलो.

फोटो झकास आले! प्राचार्य इतके खूश, की माझ्याच वर्गात 'हिमनदी : प्रत्यक्ष अनुभव' हे व्याख्यान ठेवलं. वक्ते, श्री. दत्तोबा. आभार मानायला मी!

दात-ओठ खात उठलो, तेवढ्यात वक्त्यांनी फळ्यावरच्या हिमनदीच्या आकृतीकडे बोट केलं.

"दाजी, ही नदी तुमी काढली व्हय? चढाला चाललीय की!"

पोरं खिदळली. मी संतापानं वळलो, फळा नीट पाहिला आणि गुपचूप डस्टर उचललं.

एकोणीस वर्षं चढालाच चालली होती.