दोन झडपांची चोरी

इंजिन उघडायला धैर्य लागत नाही, ज्ञान लागतं! आणि ज्ञान जामसंड्याच्या गावकर सरांकडे पोत्याने होतं. गेली बावीस वर्षं ते नववीला धडा सातवा, ‘अंतर्ज्वलन इंजिन’, शिकवत होते. चार स्ट्रोक, एक दट्ट्या, दोन झडपा. झोपेतून हलवून उठवलं तरी सर आधी झडपांचं कार्य सांगत आणि मग विचारत, काय झालं?

मोटारसायकल त्यांनी दोन महिन्यांपूर्वी, बँकेच्या एका बदलून गेलेल्या कारकुनाकडून घेतली होती. पंपावरचा माणूस पेट्रोलात आठवणीने तेल मिसळून देई. सर तो पाहुणचार समजत. त्यामुळे २००१च्या मे महिन्यात, एका रविवारी, बावन्न किका खाऊनही गाडी ढिम्म राहिली, तेव्हा सरांना वाईट वाटलं नाही. उलट बाह्या सरसावताना त्यांच्या चेहऱ्यावर नवरदेवाचं तेज होतं.

“समोर मुनीबाचा गॅरेज आसा,” सरांच्या पत्नी यमुनाबाई म्हणाल्या. “हाक मारली तर रस्तो ओलांडून येतलो.”

“मुनीब!” घरात सर मालवणीच बोलत, पण विषय विज्ञानाचा निघाला की त्यांची जीभ आपोआप शाळेत जाऊन बसे. “ज्याला मी विज्ञानात दोनदा नापास केलं, तो माझं इंजिन उघडणार? जूनमध्ये वर्गात कुठल्या तोंडाने उभा राहू?”

“तिनीसांजेपर्यंत वाट बघतंय. मगे मी त्येका हाक मारतलंय. आणि माझ्या सोलांवर तेलाचो थेंब पडता नये!”

घरापुढच्या खळ्यात चटईवर कोकमाची सोलं वाळत होती. सरांनी सोलं एका बाजूला लोटली आणि अर्धी चटई विज्ञानासाठी मोकळी केली. मांडणी शिस्तीत! निघेल त्या भागाखाली कागदाची चिठ्ठी. अ, आ, इ, ई. अकरा वाजता सर ‘ठ’पर्यंत पोचले. मग खाडीवरून वारा सुटला आणि मुळाक्षरं माडांत गेली.

“हरकत नाही,” सर म्हणाले. “क्रम माझ्या डोक्यात आहे.”

त्यांनी सिलिंडरचं झाकण उचललं. आतून ते नारळाच्या करवंटीसारखं गुळगुळीत! झडपा नाहीत. सरांनी चष्मा पुसला. नाहीत. पुस्तक उघडून आकृती पाहिली. आकृतीत दोन होत्या, झाकणात एकही नव्हती.

कुंपणापलीकडून बाबली बघत होता. स्वतःच्या होडीवर बांगडे मारणारा माणूस. रविवारी त्याला दुसऱ्याच्या कामात फार गोडी.

“काय शोधतास, सर?”

“झडपा! वाल रे, वाल! दोन पाहिजेत.”

“पडले आसतीत.”

बाबली कुंपणावरून आत आला. सोलं चाळून झाली. तुळशीमागे पाहिलं. यमुनाबाईंनी कोंबडीचं नाव सुचवलं, म्हणून कोंबडीला दोनदा उलटी धरून हलवण्यात आलं. तिच्यातून काहीही वाजलं नाही.

तेवढ्यात बाबली ओरडला, “सर! तुमच्या सिलिंडराक भोकां पडली हत! एक, दोन, तीन!”

खरंच, सिलिंडरच्या बाजूला आरपार भोकं!

“खारी हवा,” सर गंभीरपणे म्हणाले. “लोखंड खाते.”

“मगे काळजी कसली? होडयेक भोक पडला की आमी काय करतो? बुजवतो!”

बाबलीने घरून कापूस आणि तेलात कढवलेली राळ आणली. सिलिंडर जणू उद्या देवगड बंदरातून खोल समुद्रात जाणार आहे, अशा निष्ठेने त्याने तिन्ही भोकं ठासून बुजवली. “आता थेंबभर पाणी आत जावचा नाय!”

सरांनी त्याचे आभार मानले. कौतुकाने बाबली सैलावला, आणि सैलावलेला बाबली धोक्याचा. “तुमची गाडी म्हणजे माझीच, सर. मागच्या म्हयन्यात पंक्चर काढूक मुनीबाकडे मीच…”

यमुनाबाईंनी डोळे वटारले, पण वाक्य खळ्यात पडलं ते पडलंच.

“मी कोल्हापूरला पेपर तपासायला गेलो असताना?” सर हळू आवाजात म्हणाले. “गाडी मुनीबकडे?”

“फक्त चाक दाखवलंव…” बाबली पुटपुटला.

“चाक बघतो म्हणाला आणि झडपा काढल्या!”

“काय तरीच काय!” यमुनाबाई भडकल्या. “तो दुसऱ्याचो खिळो घेवचो नाय!”

“पण सर,” बाबली म्हणाला, “मगे म्हयनोभर गाडी चालली कशी?”

“जडत्व!” सर गरजले. “न्यूटनचा पहिला नियम! जा, त्याला सांग, झडपा घेऊन ये. म्हणावं, मी सभ्यपणे मागतोय!”

रस्ता अकरा पावलांचा. बाबलीने तो तिठ्यावरून वळसा घालून ओलांडला. अर्ध्या तासाने मुनीब आला तेव्हा त्याच्यामागे पंधरा-वीस माणसं होती. गोष्ट आता गाडीची राहिली नव्हती. सरांचं खरं ठरलं तर मुनीबचं गॅरेज बसणार, आणि खोटं ठरलं तर सरांची बावीस वर्षं.

मुनीबने हात पुसले. सिलिंडर उचलून कलत्या उन्हात धरला. राळेवर बोट फिरवलं. 

“सर, वाल माझ्याकडे नाय. पण वालांचो कागद आसा. गॅरेजात क्यालेंडरामागे जपून ठेवललो, तो घेवन इलंय.” खिशातून त्याने प्लॅस्टिकची पिशवी काढली, पिशवीतून पिवळा पडलेला पेपर. “नववी, सहामाही. वाचू?”

“वाच,” सर म्हणाले. वाचणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांनी जन्मात थांबवलं नव्हतं.

मुनीब बाकावर उभं केल्यासारखा ताठ झाला. “प्रश्न पाचवा. इंजिनातील झडपांचे कार्य लिहा. गुण पाच. उत्तर. झडपा सगळ्या इंजिनांना नसतात. माझ्या मामाच्या गाडीला नाहीत. ती दोन स्ट्रोकची आहे. तिच्या सिलिंडरला बाजूने भोके असतात. दट्ट्या वर-खाली होतो तेव्हा ती उघडतात आणि मिटतात. मामा म्हणतो, दोन झडपा कमी, दोन दुखणी कमी.”

“आणि मार्क?” गर्दीतून कोणीतरी विचारलं.

“खाली लाल शाईत सरांचा अक्षर. ‘असे इंजिन फक्त तुझ्या डोक्यात आहे. शून्य.’”

सगळ्यांनी सिलिंडरकडे पाहिलं. बाबलीने राळेचा डबा हळूच पाठीमागे लपवला.

“दोन स्ट्रोक…” सरांचा आवाज बसला, “अभ्यासक्रमात नाही.”

“सर, पयलो प्लग बघलात?”

“प्लग धड्याच्या शेवटच्या परिच्छेदात आहे. अजून तिथवर आलो नव्हतो.”

मुनीबने सोलांतून प्लग शोधून काढला. टोक तव्याच्या बुडासारखं काळं. “काजळी. काचपेपर मारलो की झाला. पाच मिनिटांचा काम होता, सर. आता ही राळ काढूक दोन दिस.”

सरांनी बनियनच्या गळ्याला अडकवलेलं लाल पेन काढलं. ते सुट्टीतही तिथेच असे.

“आण तो पेपर. चोर म्हटलं ते आधी खोडतो. सगळ्यांसमोर. चुकलं माझं.” आणि त्यांनी शून्यावर अशी ठाम रेघ मारली की कागद फाटता फाटता वाचला. “साडेचार!”

मुनीबने पाहिलं. “अर्धो खंय गेलो, सर?”

“आकृती काढलेली नाहीस.” तत्त्व म्हणजे तत्त्व!

मुनीबची नजर चटईवर गेली. कोकमात रुतलेला दट्ट्या, कापूस भरलेला सिलिंडर, आणि झाकणावर रुबाबात उभी कोंबडी.

“आकृती तुमी काढलास मां, सर. इतकी मोठी माका तेव्हा जमली नसती.”

“द्या त्येका अर्धो मार्क!” यमुनाबाई पडवीतून ओरडल्या. “तिनीसांज झाली!”

सरांनी अर्धा मार्क दिला. सही केली, तारीख घातली, आणि बावीस वर्षांच्या सवयीने खाली शेराही लिहिला: ‘प्रगती आहे.’

मुनीबने तो वाचला, पेपर जपून पिशवीत घातला आणि अगदी आदराने विचारलं,

“कोणाची, सर?”