चार थेंब आणि एक रेडकू

"लाव बिनधास्त. फक्त पोरीसमोर लावू नको," उजमा म्हणाली होती, आणि मी हसले होते.

उजमा माझी कॉलेजातली मैत्रीण. मंचरच्या पेठेत तिचं बांगड्यांचं आणि कॉस्मेटिकचं दुकान आहे. तिचा भाऊ मोईज दुबईहून सुट्टीला आला, तेव्हा तिनं माझ्यासाठी दोन वस्तू मागवल्या होत्या. एक करंगळीएवढी तपकिरी बाटली, झाकणालाच ड्रॉपर, आत व्हिटॅमिन सीचं सीरम. दुसरी सनस्क्रीनची ट्यूब. गोष्ट दोन हजार आठ सालची आहे. आमच्या महाळुंगे पडवळमध्ये तेव्हा चेहऱ्यासाठी तीनच वस्तू होत्या: पावडर, हळद आणि पदर.

"सकाळी आधी सीरम, ते मुरलं की वरून सनस्क्रीन. एकाशिवाय दुसरं लावून उपयोग नाही," उजमानं समजावलं. "आणि पोरी बघत असतात गं. माझी तर लिपस्टिक लावून मदरशात निघाली होती."

मी तिला ऐकवलं की मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली बाई आहे, आणि मुलीवर लक्ष कसं ठेवायचं हे मला कुणी शिकवायला नको. ते खरंही होतं! माझ्या समृद्धीला पाच वर्षं पूर्ण व्हायची होती. तिच्यासाठी मी विहिरीला जाळी बसवून घेतली होती, फवारणीच्या बाटल्या कुलपात घातल्या होत्या, शेंगदाणा घशात अडकेल म्हणून घरात फक्त कूट ठेवलं होतं. गावातल्या बायका मला बघितलं की एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. एकूण, पोरीला धोका जिथून येऊ शकतो त्या सगळ्या वाटा मी बंद केल्या होत्या. निदान मला तसं वाटत होतं.

सीरम मला हवं होतं ते वांगासाठी. समृद्धी पोटात असताना माझ्या दोन्ही गालांवर वांग उठलं, ते गेलंच नाही. वर कांदा काढणीचं ऊन. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई चिमाबाई (आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात), एकदा पाहुण्यांदेखत म्हणाल्या होत्या, "तेजू, गालावर गवरी थापल्यागत दिसतंय गं." मी ते हसण्यावारी नेलं. म्हणजे दोन वर्षं रोज आठवून हसले.

इथं एक स्पष्ट करते. मला गोरं व्हायचं नव्हतं. गोरेपणाचं वेड असलेल्या बायकांतली मी नाहीच! ओझरला एका बारशात एका मावशींनी समृद्धीची हनुवटी उचलून "बापाचा रंग घेतला हो पोरीनं, पोरगा असता तर चाललं असतं" असं म्हटलं, तेव्हा मी तिथल्या तिथं त्यांना मेलॅनिनवर पाच मिनिटांचं व्याख्यान दिलं होतं. समृद्धी माझा हात धरून सगळं ऐकत होती. मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

तर सीरम फ्रिजमध्ये, दह्याच्या पातेल्यामागं गेलं. पहिल्या दिवशी मी ते चेहऱ्याला न लावता कोपराच्या आतल्या बाजूला लावलं. चोवीस तास थांबायचं, काही झालं नाही तरच चेहऱ्याला. समृद्धी दर तासाला येऊन माझं कोपर तपासत होती. मी तिला शाबासकी दिली आणि सांगितलं, नवी वस्तू आधी अशी करून बघायची असते, याला शास्त्र म्हणतात.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी आरशासमोर आमचा कार्यक्रम सुरू झाला. डोळे घट्ट मिटायचे, चार थेंब, मग सनस्क्रीन. समृद्धी पत्र्याच्या पेटीवर पाय हलवत बसायची.

"आई, हे कशाला?"

"ऊन लागू नये म्हणून. काळं पडू नये म्हणून."

बोलून गेले. भाजी चिरताना बोलावं तसं. मेलॅनिन त्या वेळी कुठं गेलं होतं कोण जाणे.

आमचे हे, म्हणजे आदेश, द्राक्षाचे घड पेपरात गुंडाळण्यात गुंतले होते. एकेका घडाला स्वतंत्र वर्तमानपत्र, उन्हाचा चटका बसू नये म्हणून. आणि माझ्या ट्यूबला हसत होते. म्हणे, घडाला चटका बसला तर व्यापारी ढुंकून बघत नाही. मी विचारलं, आणि बायकोला बसला तर?

"तुला काय पेटीत भरायचीय व्हय?" हे म्हणाले.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं की बाटली वेगानं रिकामी होते आहे. दिवसाला चार थेंब, असा माझा हिशेब पक्का होता. मी शास्त्रीय पद्धतीनं तपास सुरू केला. रोज माझे चार थेंब घेऊन झाले की सीरमच्या पातळीवर बाहेरून एक बारीक टिकली चिकटवायची. दुसऱ्याच दिवशी, माझे थेंब घेण्याआधीच, पातळी टिकलीच्या खाली!

आधी यांना गाठलं. यांनी अर्धीच कबुली दिली. सीरमला हात लावला नव्हता. फक्त ड्रॉपर घेतला होता, मोटरसायकलच्या बॅटरीत पाणी घालायला.

"धुऊन ठेवला की," हे म्हणाले.

बॅटरीत काय असतं हे केमिस्ट्रीवाल्या बाईला सांगायला नको. मी दिवसभर दर दहा मिनिटांनी आरशात नाक जागेवर आहे का बघत होते.

पण सीरम प्याली का बॅटरी? मग राहिलं कोण? त्या दिवशी आत्यांचे गाल मला जरा जास्तच तुकतुकीत दिसले. मी सरळ काही म्हटलं नाही. मी फक्त जेवताना, सगळ्यांसमोर, भाकरी मोडता मोडता म्हटलं की दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्याआधी विचारायची पद्धत असते, वय कितीही असो.

आत्यांनी ताट सरकवलं. "चाळीस वर्सं या घरात हाय. आजवर मीठसुदिक न इचारता घेतलं न्हाई मी," एवढंच म्हणाल्या, आणि पुढं चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. सासरे, सावळेराममामा, ताटावरून उठले. आंब्यांच्या खोडांना चुना लावायचा होता म्हणून बादली घेऊन रानात गेले. दर उन्हाळ्यात ते कमरेइतक्या उंचीपर्यंत खोडं पांढरी करतात, ऊन लागून साल तडकू नये म्हणून.

आणि गंमत म्हणजे माझा टोमणा लागू पडला! दुसऱ्या दिवसापासून पातळी बरोबर टिकलीवर. तिसऱ्या दिवशीही टिकलीवर. चोर सुधारला म्हणून मी मनातल्या मनात आत्यांना माफसुद्धा केलं. बाटलीत थोडंच उरलंय असं दिसत होतं, पण टिकली सांगते ते खरं. पुरावा तो पुरावा.

पाचव्या दिवशी दुपारी गोठ्यातून मामांची हाक आली. आमच्या म्हशीचं काळंभोर रेडकू पांढरं झालं होतं. तोंड, कान, मान, पाठ, सगळं. म्हैस त्याला जवळ येऊ देत नव्हती. मामांना वाटलं काहीतरी भयंकर रोग आला. जनावरांचे डॉक्टर शेजारच्याच वस्तीवर आले होते, हे धावत जाऊन त्यांना घेऊन आले. डॉक्टरांनी बॅग उघडली, बंद केली, रेडकाच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि ते मामांपुढं धरलं.

"चुना हाय राव हा."

सगळे हसले. मीही हसले, आणि हसता हसता सवयीनं मागं बघितलं, समृद्धी कुठंय. समृद्धी नव्हती. चुन्याची बादलीही नव्हती.

ती मोरीच्या मागं सापडली. उन्हात भिंतीला टेकून उभी होती. केसांच्या रेषेपासून गळ्यापर्यंत पांढरी, दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे. डोळे घट्ट मिटलेले. चुना वाळून तडकला होता आणि त्या भेगांमधली कातडी लालबुंद झाली होती. रडत होती, पण तोंड न हलवता, चुना निघू नये म्हणून. पायाशी माझी तपकिरी बाटली, रिकामी.

आणि बी.एस्सी. बाई काय करत होत्या? उभ्या होत्या. आम्ल आणि अल्कली, कशावर काय, आधी काय, असं काहीतरी डोक्यात फिरत होतं आणि हात हलत नव्हते. चार दिवस माझ्याशी न बोललेल्या आत्या मला ढकलून पुढं झाल्या. पोरीला काखोटीला मारलं, हौदाशी नेलं आणि तांब्यामागून तांब्या पाणी ओतत राहिल्या. "डोळं उघडू नगं बाळा. आजून न्हाई. आजून न्हाई."

यांची मोटरसायकल सुरू होईना. बॅटरीतलं पाणी संपलं होतं, कारण ड्रॉपर घेऊ नका म्हणून मीच शपथ घातली होती. शेवटी जनावरांच्या डॉक्टरांच्या गाडीवर, त्यांच्या मागं मी, मध्ये ओल्या टॉवेलात समृद्धी, असे मंचरला निघालो. हायवेला कांद्याच्या ट्रकांची रांग लागलेली. एक ड्रायव्हर खिडकीतून वाकून म्हणाला, "काय पावणं, शिमगा झाला की मागंच." मी टॉवेल तिच्या तोंडावर ओढून घेतला.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पुन्हा धुतलं, डोळ्यांत औषध घातलं, बॅटरी मारून बराच वेळ बघितलं. तेवढ्या वेळात मी नवस बोलले नाही, मला काही आठवतच नव्हतं. मग ते म्हणाले, डोळे वाचले. हिनं मिटून ठेवले होते म्हणून. कातडी भाजलीय, भरून येईल.

"कुणी शिकवलं गं तुला डोळे मिटायला?" त्यांनी विचारलं.

"आई मिटते," ती म्हणाली.

मग एकेक निघत गेलं. रोज सकाळी स्टुलावर चढून तिनं सीरम काढलं होतं. रोज चार थेंब रेडकाच्या दोन कानांच्या मध्ये. चोवीस तास वाट बघायची, काही होतंय का. काही झालं नाही. टिकली रोज खाली सरकवत होती, कारण आज्जीला बोलणी बसली ते तिला आवडलं नव्हतं. सनस्क्रीनची ट्यूब कपाटात वर होती, हात पुरत नव्हता. पण आजोबा झाडांना पांढरं लावतात ते ऊन लागू नये म्हणूनच ना? मग आधी रेडकाला लावून बघितलं. रेडकू रडलं नाही. मग स्वतःला.

म्हणजे शास्त्र अगदी बरोबर होतं. माझ्यापेक्षा बरोबर.

डॉक्टर हसले. मीही हसणार होते. तेवढ्यात तिनं मला विचारलं, "आई, झाले का मी तुला आवडण्यासारखी?"

या प्रश्नावर मेलॅनिनचं व्याख्यान चालत नाही. मी प्रयत्न केला. दोन वाक्यांच्या पुढं गेलंच नाही.

कातडी भरून आली. गालांवर डाग राहिले, ते वर्षभरानं गेले. आत्यांची मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माजं जाऊ दे. तिची माग." उजमाला दुकानात जाऊन सगळं सांगितलं. तिनं दुकानातला छोटा आरसा उलटा करून ठेवला आणि मला चहा दिला.

हे लिहिता लिहिता मी आत्ता उठून बघून आले. आता पंधराची झालेली समृद्धी आरशासमोर होती. मला बघितलं आणि बाजूला झाली, केस विंचरत होते म्हणाली. कंगवा तर माझ्या केसांत खोचलेला होता.

तुमच्या घरात एखादी मुलगी असेल, पाच वर्षांची असो की पंधरा, तर एवढं वाचून झाल्यावर उठा. ती कुठंय ते बघून या. विहिरीपाशी नाही, विहिरीवर जाळी बसवलीच असेल तुम्ही. आरशापाशी बघा.