शाणूकाकाचे लिंबूतेल आणि म्हाळाचा कावळा

आमच्या मये गावच्या शाणूकाकाने टकलाला लिंबाचे तेल चोळले आणि भर उन्हात तळ्यावर जाऊन बसला. परतला तेव्हा डोक्यावर काळे डाग उठले होते. हे तेल लावून उन्हात जायचे नसते, असे बाटलीवर लिहिलेले होते म्हणे. पण आमोण्याच्या खनिज वाहणाऱ्या बार्जीवर इंजिनात जन्म काढलेला माणूस बाटलीवरचे बारीक अक्षर वाचतो कशाला?

तेल आले होते शेवंतीकाकीसाठी, म्हणजे त्याच्या बायकोसाठी. तापानंतर तिला वासच येईना. जी उंबरठ्यावरून बांगडा ताजा की शिळा सांगायची, तिला चुलीवरचा भात करपलेला कळेना. बिचारी स्वयंपाकघरात जायला भ्यायला लागली. डॉक्टर म्हणाले, रोज लिंबाचे तेल हुंगायला द्या, वास परत येईलही. झाले! काकीचे नाक राहिले बाजूला आणि काका वाड्यावरच्या सगळ्या घरांच्या मागे लागला.

"एक थेंबो पुरो," म्हणायचा आणि पाच ओतायचा. स्कूटरचे ग्रीस निघाले, फ्रिजवरचा चिकट डिंक निघाला, इथवर कबूल. पण मुंग्या लागतील म्हणून त्याने पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, टोपलीत तेल शिंपडले. त्या दिवशी अख्ख्या वाड्याने लिंबू लावलेले पाव चहात बुडवले. पोदेर अजून त्याच्या दारात भोंगा वाजवत नाही.

भाद्रपदात त्याच्या बाबांचा म्हाळ, म्हणजे पितृपक्षातले श्राद्ध होते. कावळ्यासाठी पान वाढून अंगणात ठेवले, तर कावळे माडावर बसून नुसते बघताहेत. कावळा शिवल्याशिवाय जेवायचे कसे? भटजी म्हणाले, बाबांची काही इच्छा राहिली असेल. काकाने हात जोडून बांधावरचा भांडणातला फणस चुलतभावाला देऊन टाकला. कावळे ढिम्म. मग दारू सोडतो म्हणाला. मेला पीत नव्हताच, पण द्यायला दुसरे काय उरले होते? इकडे आमच्या पोटात कावळे कोकलत होते.

शेवटी काकी बाहेर आली, पानावर वाकली आणि तशीच थांबली.

"पानाक लिंबाचो वास कसो मारता?"

मुंग्या नकोत म्हणून काकाने पानालाही तेल चोळले होते! चुलतभाऊ खवळला, मीही तोंड सोडणार होतो. पण काका पायरीवर बसला आणि पोरासारखा रडायला लागला. मग काकीनेच सांगितले. रोज सकाळ-संध्याकाळ तो बाटली घेऊन तिच्या नाकाशी बसायचा, ती मान हलवून नाही म्हणायची, आणि तो "फाल्यां येतलो" म्हणून बूच लावायचा. उद्या येईल, उद्या येईल, असे करत वर्ष गेले होते.

भटजी दुसरे पान मांडायची घाई करू लागले. काकाने काकीचा हात धरला तो सोडला नाही.

"बाबा जरा थांबतले," तो म्हणाला. "तू परत सांग, कसलो वास?"