वरचं पाणी

आमच्या तेजलच्या लग्नात रुखवतावर कुरडया घरच्याच असणार, हा निर्णय माझा. (मी फक्त "घरच्या बऱ्या असतात" म्हणालो होतो, पण आमच्याकडे माझा निर्णय म्हणजे एवढाच.) झालं! रोहिणीनं गहू भिजवले, वाटले, चीक गाळला आणि मोठ्या पातेल्यात रात्रभर निवळत ठेवला. सकाळी ती चांदवडला आईला आणायला गेली, कारण सोऱ्या फक्त आमच्या सासूबाईंचंच ऐकतो.

थोड्या वेळानं तिचा फोन आला. मागे एसटीचा खडखडाट.

"अहो, वरचं पाणी काढून टाका! सगळं!"

"सगळं?"

"थेंब ठेवू नका! नाहीतर लग्नात चारचौघांत नाक कापलं जाईल!"

फोन कटला. वरचं पाणी म्हणजे गच्चीवरच्या टाकीचं, हे शेंबडं पोरही सांगेल. ती टाकी धुवायची चर्चा सोसायटीत गणपतीपासून चालू होती, आणि लग्नाचे पाहुणे तेच पाणी पिणार होते. बायकोच्या दूरदृष्टीला मनोमन नमस्कार करून मी गच्चीवर गेलो आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. (गंजला होता. पण लेकीच्या लग्नापुढे गंज काय चीज आहे!)

टाकी रिकामी झाल्यावर आठवलं, आज नळाला पाणी येणार नव्हतं.

तेवढ्यात आमचे चेअरमन झुंबरकाका वर आले. कमरेला टॉवेल, तोंडाला साबण, एक डोळा मिटलेला.

"पाणी कोणी सोडलं?"

"मीच, काका. पाहुणे येणार ना!"

"अरे, पण मी अर्धाच धुतला गेलोय!"

त्यांच्यापाठोपाठ रोहिणी आणि सासूबाई पोचल्या. रोहिणीनं आधी स्वयंपाकघर गाठलं.

"अहो, पातेल्यातलं पाणी तर तसंच आहे!"

"पातेल्यातलं?"

मग सगळा उलगडा झाला. रोहिणी मटकन खाली बसली. "गेल्या पोरीच्या कुरडया! एव्हाना चीक आंबला असणार!" तेजलला तोंड कसं दाखवायचं, तेच कळेना.

सासूबाईंनी पातेल्यात बोट घालून पाहिलं आणि हसायलाच लागल्या. "अगं, लय बेस झालं! जावईबापूंनी हात लावला असता, तर पाण्यासंगं चीक बी मोरीत गेला असता. बघ, कसा घट्ट बसलाय!"

माझा जीव भांड्यात पडला. (त्याच पातेल्यात.)

वरचं पाणी सासूबाईंनी स्वतः काढलं. माठातल्या पाण्यावर चीक शिजला. झुंबरकाकांनी रिकाम्या टाकीत डोकावून पाहिलं, तर तळाशी ढोपरभर गाळ आणि कुणाचीतरी चप्पल. त्यांनी लगेच टाकी धुवायला माणसं आणि पाण्याचा टँकर मागवला. दुपारी गच्चीवर पांढऱ्याशुभ्र कुरडया पडू लागल्या.

"चुकांतूनच माणूस शिकतो," मी ऐटीत म्हणालो. "यापुढे कोणी 'वरचं' म्हणालं, की आधी विचारणार, कुठलं वरचं?"

जावयाचा मान राखून सासूबाई रोहिणीच्या कानात बोलल्या. पण त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांची कुजबुज झुंबरकाकांसकट सगळ्या गच्चीला ऐकू आली.

"वरचं रिकामं करायला एवढे जिने कशाला चढले गं हे? त्यांचा वरचा मजला तर आधीच रिकामा हाय!"