सुशीलाकाकीची भारवाही माटोळी

गोवा घटक राज्य झालं आणि आमच्या गावासमोर मतांचा प्रश्न उभा राहिला. केंद्रशासित असेपर्यंत मतं वरून येत असत आणि बहुधा उशिरा पोचत. आता राज्य आपलं झालं, तेव्हा मतही आपलं असायला हवं, असं सरपंच गुरुदासबाब ग्रामसभेत म्हणाले. सभेला ते पटलं की नाही हे कळायला मार्ग नव्हता. गावात मत असलेला माणूस एकच होता आणि तो त्या वेळी पणजीहून परतीच्या बसमध्ये होता.

तो कृष्णनाथ. पणजीच्या एका कचेरीत तो आवक-जावक बघत असे आणि उरलेल्या वेळात त्याला मतं असत. आखातातले मित्र त्याला रॉक संगीताच्या कॅसेटी आणून देत. त्या तो खिडकीत टेप ठेवून अशा वाजवी की आमच्या काजूबागेतली माकडं कायमची कोरगावला गेली. "पहिली बाजू म्हणजे बंड, दुसरी म्हणजे तडजोड," असं त्याचं म्हणणं होतं. त्यामुळे दुसरी बाजू त्याने कधी ऐकली नाही. सिनेमा बघायला तो म्हापशाला जाई आणि मध्यंतराला उठून येई. "मध्यंतरानंतर दिग्दर्शक फक्त समजावून सांगतो. मला समजलेलं असतं."

आधुनिक वास्तुकलेवर त्याचा विशेष जीव होता. बेळगावच्या पुढे तो कधी गेला नव्हता, पण त्याच्याकडे गुळगुळीत कागदाची जाड मासिकं होती. गिलावा म्हणजे खोटेपणा, हे त्यात वाचल्यावर त्याने स्वतःच्या घराचा गिलावा खरवडून काढला. घर प्रामाणिक झालं आणि भिंतींतून मुंगळे येऊ लागले.

अशा माणसाला मोकळं ठेवणं गावाला परवडण्यासारखं नव्हतं. पंचायतीने त्याला एकमताने मानद अभिप्राय अधिकारी नेमलं. ते एकमतही त्याचंच होतं. यापुढे गावात एखादी गोष्ट चांगली किंवा वाईट असल्यास तसं जाहीर करण्याचा अधिकार त्याचा राहील, आणि तोपर्यंत इतरांनी ती नुसती बघावी, असा ठराव झाला.

सुरुवात जत्रेपासून झाली. दशावतारी नाटक त्याने मध्यंतराला थांबवलं. राक्षस जिवंतच होता. सकाळच्या बसने तो मुकुट मांडीवर घेऊन सावंतवाडीला गेला.

"कृष्णनाथबाब, राक्षस मेलो नाय रे," गुरुदासबाब हळूच म्हणाले.

"तो मरणार हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतां."

"मग झालं तर."

पुढे घुमट आरतीची, म्हणजे घुमट नावाच्या मातीच्या वाद्यांवर म्हणायच्या आरतीची, पाळी आली. घुमटांचा नाद ऐकून तो अक्षरशः उभा राहिला. "हेच खरं रॉक!" पण आरतीला बाजू नव्हत्या. त्याने सुधारणा सुचवली: आरती निम्मी झाली की सर्वांनी उठावं, कॅसेट उलटतात तसं फिरावं आणि उरलेली आरती दाराकडे तोंड करून म्हणावी. आम्ही तसं करू लागलो. गैरसोय काहीच नव्हती. निम्मी आरती देवाला पोचत होती आणि निम्मी अंगणातल्या चपलांना.

हे सगळं सुरळीत चाललेलं असताना सुशीलाकाकीच्या घरातला एक वासा वाळवीने खाल्ला. तो नेमका माटोळीचा होता. चवथीला आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला तवशी, चिबूड, आंबाडे, सुपारीचे घोस, केळीचा घड, नारळाची पेंड म्हणजे अख्खा घोस आणि रानातली कवंडळं बांधतात. ती माटोळी. सुशीलाकाकीची माटोळी बघायला लोक मोरजीहून येत. लग्न होऊन ती या घरात आली त्या वर्षापासून ती स्वतः रानात जाऊन फळं आणी आणि स्वतःच बांधी. बाकी कुठल्याच गोष्टीचा तिचा आग्रह नसे.

वासा बदलायचा म्हणजे बांधकाम, आणि बांधकामाला अभिप्राय हवा. कृष्णनाथ पाहणीला आला.

"काकी, हा वासा कशाला हवा?"

"माटोळी बांधूक. चवथ तोंडार आयली मरे."

"माटोळी म्हणजे सजावट. आधुनिक वास्तूत सजावट निषिद्ध आहे. जो भाग भार पेलत नाही तो घरात असता कामा नये."

"भार पेलत नाय कसो?" सुशीलाकाकी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "नारळाची पेंड तू उचलून बघ. हात गळ्यात बांधूचो लागतलो."

कृष्णनाथ गंभीर झाला. भाराचा उल्लेख त्याला मान्य होता. त्याने एक पेंड उचलली, ठेवली, आणि माटोळी हा घराचा भारवाही घटक असल्याचा अभिप्राय तिथल्या तिथे दिला. वासा मंजूर झाला. चवथ थाटात झाली. काकी खूष होती, कारण तिला वाटलं ती जिंकली.

पाच दिवसांनी विसर्जन झालं. आता माटोळी सोडायची आणि फळं शेजाऱ्यांना वाटायची. काकी स्टुलावर चढली, तेवढ्यात गुरुदासबाब धावत आले.

"काकी, हात लावू नका! भारवाही आसा ती. काढली तर घर पडतलां."

"गेल्या वर्सापर्यंत पडत नव्हतां तां?"

"गेल्या वर्सापर्यंत अभिप्राय नव्हतो."

काढायची असेल तर घटक काढल्यावरही घर उभं राहील याची हमी लागणार होती. तालुक्याचे अभियंते येऊन बघून गेले. घर पडल्याशिवाय हमी देता येणार नाही, असं ते म्हणाले, आणि त्यांच्या बाजूने ते बरोबर होतं.

माटोळी राहिली. चिबूड आधी फुटला. केळी काळी पडून एकेक गळू लागली. आंबाड्यांना मुंग्या लागल्या, नारळांना कोंब आले. सुशीलाकाकी स्वतःच्या घरात छत्री उघडून वावरू लागली. कृष्णनाथ मात्र वारंवार येई आणि मान वर करून उभा राही. "पिकणं, सडणं, गळणं! काँक्रीटला हे कधी जमेल?" त्याचं बघून आम्हीही जाऊ लागलो. खांद्यावर काही पडलं तर पुसत नसू. पुसणं म्हणजे नापसंती.

वर्ष गेलं. पुन्हा चवथ आली. काकीने ताज्या माटोळीसाठी अर्ज केला. एका घरात एकच माटोळी असते आणि ती अगोदरच आहे, असं उत्तर आलं. वर आता काळ्या दोऱ्या, वाळके देठ आणि एक वटवाघूळ होतं.

गणपती आला. पाटावर बसला. सगळा गाव जमला. कृष्णनाथने वर बघून मान डोलावली. आरती निम्मी झाली, आम्ही दाराकडे वळलो आणि त्याच वेळी तो उठून निघाला.

"खंय चललास?" काकीने विचारलं.

"पुढचं मला समजलं," म्हणत तो चपला घालून गेला.

मोठाच पेच पडला. उरलेल्या निम्म्या आरतीवर अभिप्राय द्यायला अधिकारी उरला नाही. घुमटं थांबली. आम्ही दाराकडे तोंड करून उभे राहिलो.

मागे स्टूल सरकल्याचा आवाज आला. वळून बघतो तर काकी कोयता घेऊन वर चढली होती.

"काकी, घर!" गुरुदासबाब ओरडले.

तिने दोऱ्या कापल्या. सगळं एकदम खाली आलं. वटवाघूळ बाहेर गेलं आणि त्याच्यामागून आम्ही.

अंगणात उभं राहून आम्ही घराकडे बघत राहिलो. घर पडत नव्हतं.

"उबां आसा मरे," कुणीतरी म्हणालं.

"तसां म्हणू नका," गुरुदासबाबांनी दटावलं. "तो अभिप्राय होतलो."

आतून झाडू फिरल्याचा आवाज आला. मग ताज्या सुपारीचा वास. काकीने रानातून सगळं आधीच आणून खाटेखाली ठेवलं होतं. मग तिने एकटीने, खणखणीत आवाजात, अख्खी आरती म्हटली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, न फिरता. आमच्यातल्या काहींचे पाय आपोआप ठेका धरू लागले. ते आवडल्यामुळे होतं की उभं राहून, हे ठरवण्यासाठी आम्ही एकमेकांकडे बघितलं.

तुम्हीही आता मान वर करून, शेजारचा हे वाचून हसला का, ते बघाल. बघा आणि या. अंगणात जागा आहे.